एक्झोडॉन्टिस्ट म्हणजे नेमका कोण? फक्त दात काढणारा डॉक्टर?

रानजाई
गेल्या शनिवारी इथे ओहायोत एका जुन्या सामानाच्या दुकानात पितळी पाटी मिळाली. हातभर लांब, पार काळवंडलेली, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. वर एका डॉक्टरांचं नाव आणि खाली एकच शब्द: एक्झोडॉन्टिस्ट. दुकानदार म्हणाला, शहरातली जुनी इमारत पाडली तेव्हा एका दारावरून निघाली. बारा डॉलर देऊन घेऊन आले.

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'दात काढण्यात विशेष प्रावीण्य असलेला दंतवैद्य', आणि पुढे 'जुना वापर' अशी खूण. मी इथे पंधरा वर्षं राहते, माझ्या स्वतःच्या दोन अक्कलदाढा इथेच काढल्या, पण हा शब्द कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

नुसते दात काढायला वेगळा डॉक्टर कशाला लागत होता? तो काम करायचा ते तर अजून चालूच आहे, मग शब्दच कसा गेला? आणि मराठीत याला काय म्हणावं? इथे दातांचे डॉक्टर असतील तर कृपया सांगा. ती पाटी टेबलावर पडून आहे आणि येता-जाता माझं लक्ष तिच्याकडेच जातं.

खडीसाखर
मराठीत 'दात काढणारा' म्हणजे आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा विन्या. मास्तर रोज विचारायचे, "दात काय काढतोस?"

एसटीचा_प्रवासी
खडीसाखर, :) :) हा मी पण दात काढले.

रानजाई, लहानपणी आमच्या आठवडी बाजारात असा एक जण बसायचा. त्याला सगळे 'दातवाला' म्हणत. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर काढलेल्या दातांचा हा ढीग, बाजूला दोन-तीन पकडी आणि लाल औषधाची बाटली. ढीग जेवढा मोठा तेवढा माणूस हुशार, असं आम्हा पोरांना वाटायचं. माझ्या आजोबांनी त्याच्याकडून दाढ काढून घेतली होती. पुढे आठ दिवस गाल सुजलेला, आजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून घेत होती. तुमचा पाटीवाला डॉक्टर असा नसणार, पण तुमचं पोस्ट वाचून तो ढीग डोळ्यापुढे आला.

दंतकथा
रानजाई, तुमची पाटी बघायला मला फार आवडेल. मी ओरल सर्जन, म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी दंतवैद्य आहे, नागपूरला डेंटल कॉलेजात शिकवते. 'एक्झोडॉन्टिस्ट' हा शब्द अमेरिकेत मेला असला तरी त्याची आई आमच्याकडे रोज वर्गात हजर असते. 'एक्झोडोन्शिया' हे आमच्या ओरल सर्जरीच्या पुस्तकातलं चक्क एक प्रकरण आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'ओडॉन्ट' म्हणजे दात, दोन्ही ग्रीक. बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या मुलांना ओरल सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये दात काढण्याचा कोटा असतो. इतके दात काढल्याशिवाय सही मिळत नाही. सकाळी नऊला ओपीडीत पेशंट आला की चार मुलं धावतात.

सेंट लुईसच्या जॉर्ज विंटर यांनी १९१३ साली 'एक्झोडोन्शिया' याच नावाचा ग्रंथ काढला. पुढे १९२६ मध्ये खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवर त्यांचं आणखी मोठं काम आलं. आडवी, उभी, पुढे कललेली, मागे कललेली ही अक्कलदाढेची वर्गवारी विंटर यांचीच. एक्स-रेवर पांढरी, अंबर (पिवळसर) आणि लाल अशा तीन रेषा मारून केस किती अवघड ते ठरवायची पद्धतही त्यांची. दाढ किती खोल आहे ते लाल रेषा दाखवते; ती ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की आम्ही मुलांना सांगतो, इथे हात घालू नका, मोठ्यांना बोलवा. शंभर वर्षं झाली तरी तोंडी परीक्षेत हे विचारल्याशिवाय राहत नाहीत.

शब्द का गेला ते तर तिथल्या संघटनेच्या नावांच्या क्रमावरूनच दिसतं. १९१८ मध्ये अमेरिकेत या लोकांनी 'अमेरिकन सोसायटी ऑफ एक्झोडॉन्टिस्ट्स' काढली. तीनच वर्षांत, १९२१ ला, नावात 'ओरल सर्जन्स' पुढे आलं आणि 'एक्झोडॉन्टिस्ट्स' मागे गेलं. १९४६ ला 'एक्झोडॉन्टिस्ट्स' पूर्ण गळलं. मग १९७० च्या दशकात त्यात 'मॅक्सिलोफेशियल', म्हणजे जबडा आणि चेहऱ्याचं, हे जोडलं. तोवर हीच मंडळी जबड्याची हाडं जोडत होती, गाठी काढत होती, वेडेवाकडे जबडे सरळ करत होती. दात काढणं त्यातला एक भाग उरला.

मधुमालती
दंतकथा, किती छान सांगितलंत! म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातानेच तो शब्द उपटला म्हणायचं.

कोपऱ्यातलं_टेबल
रानजाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. नुसते दात काढायला वेगळा माणूस कशाला? मला वाटतं याचं उत्तर गॅसमध्ये आहे.

मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. तिथल्या बुशनेल पार्कमध्ये एका दंतवैद्याचा पुतळा आहे, होरेस वेल्स. डिसेंबर १८४४ मध्ये कोल्टन नावाचा एक माणूस हार्टफर्डला 'हसवणाऱ्या वायू'चा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, खेळ घेऊन आला. वायू हुंगलेला एक जण नाचता-नाचता पायाला लागून घेऊन बसला, रक्त आलं, पण त्याला दुखलं नाही. वेल्सने ते बरोबर हेरलं. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, स्वतः खुर्चीत बसून त्याने गॅस घेतला आणि सहकारी जॉन रिग्जकडून आपली दाढ काढून घेतली. स्वतःच्या तोंडावर पहिला प्रयोग! पुढच्या महिन्यात बॉस्टनला विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केलं, ते फसलं, पेशंट ओरडला आणि लोकांनी वेल्सला भोंदू ठरवलं. १८४८ मध्ये त्याने आत्महत्या केली. मी त्या बागेत मुलीला घेऊन जातो तेव्हा तिला पुतळ्यापुढे थांबवून ही गोष्ट सांगतो. आज आपण सुखाने बेशुद्ध होतो त्यात या माणसाचा फार मोठा वाटा आहे.

तोच कोल्टन १८६३ नंतर न्यूयॉर्कमध्ये गॅस देऊन फक्त दात काढायचं दुकान उघडून बसला. भरणं नाही, साफ करणं नाही, कवळी नाही. इतर दंतवैद्य आपले पेशंट तिकडे पाठवायचे. म्हणजे विशेष डॉक्टर आधी आला, त्याचं नाव मागून. गॅसची उपकरणं, तो देण्याचा सराव, मदतीला माणसं, हे सगळं प्रत्येकाला परवडत नव्हतं. ज्याच्याकडे गॅस, त्याच्याकडे दाढ.

दंतकथा
कोपऱ्यातलं_टेबल, मी हे मुलांना सांगते तेव्हा वेल्सचा शेवट सांगताना मला अजूनही वाईट वाटतं. एक भर घालते. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये मॉर्टनने ईथर देऊन पहिलं काम केलं तेही दात काढण्याचंच. भुलीचा जन्म मोठ्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर नाही, दातांच्या खुर्चीत झाला. आमच्या शाखेला याचा अभिमान वाटायलाच हवा.

वऱ्हाडी_ठेचा
अभिमान ठीक आहे जी, पण माहा अनुभव ऐका. मागच्या वर्षी एका दवाखान्यात दाढ काढाले गेलो. सुई टोचली, दोन मिनिटं थांबले, लावली पक्कड. मी म्हटलं दुखते. म्हणे दुखत नाही, दाब वाटते. अहो दाब आणि दुखणं याच्यातला फरक मले कळत नाही काय? दोनदा सांगितल्यावर मग आणखी सुई दिली.

दंतकथा
वऱ्हाडी भाऊ, तुमचं बरोबर होतं आणि त्यांनी थांबायला हवं होतं. खालच्या दाढेची भूल एका जागी देऊन पूर्ण अर्धा जबडा बधिर करायचा असतो. अर्धा ओठ जड झाला, सुजल्यासारखा वाटला की भूल लागली. त्याला पाच मिनिटं, कधी दहाही लागतात. पू असेल तर भूल नीट लागतही नाही. मी मुलांना शिकवते: आधी ओठाबद्दल विचारा, मग अणकुचीदार हत्यार हिरडीला लावून बघा, आणि पेशंट 'दुखतंय' म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवा. दाब मात्र शेवटपर्यंत कळतो, त्याच्यावर भुलीचा इलाज नाही. हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस अर्धा घाबरत नाही.

पानगळ
मी फ्रेंच शिकवते. फ्रेंचमध्ये कुणी धडधडीत खोटं बोलत असेल तर म्हणतात, 'दात उपटणाऱ्यासारखा खोटं बोलतो'. अठराव्या शतकात पॅरिसच्या पाँ नफ पुलावर असे लोक तमाशा मांडून दात उपटायचे आणि मुळीच दुखत नाही असं ओरडून सांगायचे. त्याच शहरात १७२८ मध्ये पिएर फोशार्ने दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ छापला. पुलावरचा दातवाला आणि तो, दोघेही एकाच काळातले.

एसटीचा_प्रवासी
पानगळताई, म्हणजे आमच्या बाजारातला माणूस एकटा नव्हता तर! ढीग तिथेही असणार.

कोपऱ्यातलं_टेबल
ढिगाचं अमेरिकन रूप म्हणजे 'पेनलेस पार्कर'. हा पदवीधर दंतवैद्य होता, पण सर्कस आणि बँड घेऊन गावोगाव फिरायचा. जाहिरातीत 'पेनलेस' लिहायला मनाई झाली म्हणून १९१५ मध्ये त्याने कायद्याने स्वतःचं नावच 'पेनलेस' करून घेतलं. गळ्यात ३५७ दातांची माळ घालायचा. ती माळ फिलाडेल्फियाला टेंपल विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जपून ठेवली आहे.

रानजाई
बापरे! मग माझ्या पाटीवरचे डॉक्टर 'एक्झोडॉन्टिस्ट' लिहून सांगत असणार की मी तसा नाही, मी शिकलेला आहे. मला ते ग्रीक नाव नुसतं भपक्याचं वाटलं होतं. आता त्याच्यामागे किती काय दडलंय ते कळतंय.

हिरवा_चाफा
अगदी बरोबर पकडलंत. पण त्या शब्दाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती काही फार चांगली नाही.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलला भाषण केलं. सडक्या दातांवर बसवलेली सोन्याची कामं म्हणजे पुवाच्या ढिगाऱ्यावरचं सोन्याचं थडगं, असा त्यांचा सूर होता. त्यातून 'फोकल इन्फेक्शन'ची लाट उठली. सांधेदुखी, हृदयविकार, पोटाचे आजार, सगळ्याचं मूळ दातात. म्हणून मेलेला किंवा शंका असलेला प्रत्येक दात काढायचा. असं सरसकट सगळं उपटणाऱ्यांना 'शंभर टक्केवाले' म्हणत. एक्झोडॉन्टिस्टांच्या पाट्या लागल्या, संघटना निघाली, तो काळ हाच. दोन्ही एकाच वेळी झालं हा योगायोग नव्हे, असं माझं मत.

सगळ्यात भयंकर प्रकार न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात झाला. तिथला प्रमुख हेन्री कॉटन मनोविकारावर उपाय म्हणून रुग्णांचे दात काढायचा. मग टॉन्सिल, मग आतड्याचा भाग. कित्येक माणसं दगावली. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढले होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, दोन दिवस हातात घेतलं नाही. त्या रुग्णांना कुणी विचारलंही नसेल.

पुढे १९३० आणि ४० च्या दशकांत नीट पुरावा तपासला गेला तेव्हा हा सगळा सिद्धांत ढासळला. रूट कॅनल सुधारलं, दात वाचवणं हाच धर्म झाला. अशा काळात 'मी काढणारा' अशी पाटी कोण लावेल?

दंतकथा
हिरवा_चाफा, हे तुम्ही मांडलंत ते बरं झालं. माझ्या आधीच्या पोस्टमध्ये मी फक्त अभिमानाची बाजू सांगितली. संघटनेने नाव बदललं त्याला शस्त्रक्रियेची वाढलेली व्याप्ती हे कारण आहेच, पण 'उपटणारे' हा डागही त्यांना नको होता, हे मला मान्य आहे.

बुचाचं_झाड
इंग्लंडमध्ये तर ती लाट फार उशिरापर्यंत टिकली. माझ्या मावसआजीची शेजारीण लँकेशरची. तिला एकविसाव्या वाढदिवसाला घरच्यांनी सगळे दात काढून कवळी 'भेट' दिली, म्हणजे लग्नानंतर नवऱ्याला खर्च नको. तिथे अशी प्रथा खरोखर होती. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता! २००९ च्या पाहणीत हाच आकडा ६ टक्क्यांवर आला.

खडीसाखर
वाढदिवसाला कवळी! आमच्याकडे निदान केक तरी चावता येतो.

मधुमालती
बुचाचं_झाड, हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. माझ्या वडिलांचं असंच झालं. आम्ही खेड्यात. दात दुखला की एसटीने तालुक्याला जायचं, दिवस बुडायचा, मजुरी बुडायची. रूट कॅनलला चार फेऱ्या आणि इतके पैसे. बाबा म्हणायचे, "काढूनच टाका डॉक्टर, पुन्हा येणं होत नाही." पन्नाशीत त्यांचे अर्धे दात गेले होते. त्यातले निदान पाच-सहा वाचले असते असं नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. आता ते नाहीत. पण भाकरी ताकात बुडवून मऊ करून खायचे ते आठवलं की जीव कळवळतो. कॉटनसारखा माणूस नसला तरी गरिबी दात उपटतेच.

एसटीचा_प्रवासी
मधुमालतीताई, तुमचे बाबा म्हणजे आमच्या गावातले निम्मे बाबा.

भीमथडी
एक विचारू का? आमच्याकडे आजी कधीच वरचा दात काढू द्यायची नाही. "वरची दाढ काढली की डोळा जातो." काकांची वरची दाढ किडून भुगा झाली तरी नाही काढली. यात काही तथ्य आहे का?

मधुमालती
आमच्याकडेही हेच! खालचा खुशाल काढा, वरचा नको.

हिरवा_चाफा
ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरच्या दाताबद्दल अशीच ताकीद आहे. तो हलत असला तरी वैद्याने काढू नये. काढला तर रक्त फार जातं, माणूस काणा होतो, तोंड वाकडं होतं. आजीने सुश्रुत वाचला नसेल, पण ते कुठून तरी झिरपत तिच्यापर्यंत आलं असेल असं मला मनापासून वाटतं.

दंतकथा
हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वरची दाढ काढल्याने डोळा जात नाही. दाताची नस आणि डोळ्याने बघण्याची नस वेगवेगळ्या आहेत. पण वरच्या दाढांच्या मुळांच्या अगदी वर जबड्याच्या हाडातली पोकळी असते, सायनस. मुळं कधी तिच्यात डोकावतात. दाढ काढताना तिथे वाट मोकळी झाली तर चूळ भरलेलं पाणी नाकातून येतं. ते आम्ही बंद करतो. दुसरं, वरच्या सुळ्याजवळ पू झाला आणि उपचार केले नाहीत तर सूज डोळ्याखाली चढते, डोळा मिटतो, क्वचित जंतू आतही पोचतात आणि ते जीवघेणं होऊ शकतं. म्हणजे भीती डोळ्याचीच, फक्त ती दात काढण्याची नसून सडका दात तसाच ठेवण्याची असायला हवी. सुश्रुताच्या काळी ना भूल, ना प्रतिजैविकं. त्या परिस्थितीत 'हात लावू नका' हा सल्ला अनुभवी माणसाचाच आहे. भीमथडी, काकांना आता तरी घेऊन जा.

आणखी एक गैरसमज. दात 'उपटत' नाहीत. ओढून दात निघत नाही, तुटतो. दात हाडात बारीक तंतूंनी टांगलेला असतो. आधी ते तंतू सोडवायचे, फोर्सेप्स, म्हणजे पक्कड, मुळाच्या दिशेला रेटायचा, मग गालाकडे आणि जिभेकडे हळूहळू दाब देत खोबण रुंद करायची. हाड लवचिक असतं, ते वाट देतं. पटाशीच्या दाताला एकच निमुळतं मूळ, म्हणून तो फिरवता येतो. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन काडीसारखी मुळं, फिरवलीत की मोडली. वरच्या दाढेला तीन, खालच्या दाढेला दोन. मुळं मनात दिसायला लागली की हात आपोआप बरोबर वळतो. माझे सर म्हणायचे, जोर लावावा लागला तर समजा काहीतरी चुकतंय.

कोपऱ्यातलं_टेबल
दंतकथा, मग मला आता तुमच्याशी थोडं भांडायचंय. तुम्ही म्हणता शब्द मेला, कारण ओरल सर्जनचं काम मोठं झालं. पण माझा भाचा पुण्यात ओरल सर्जन आहे. त्याचा स्वतःचा दवाखाना नाही. गाडीच्या डिकीत पेटी असते. सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर, संध्याकाळी पिंपरी. डेंटिस्ट फोन करतात, हा जातो, अक्कलदाढ काढतो, पुढच्या ठिकाणी निघतो. जबड्याचे फ्रॅक्चर त्याने एमडीएसच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, तीन वर्षांत केले, त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा एक्झोडॉन्टिस्ट नाही तर कोण? पाटी नाही इतकंच.

भीमथडी
माझी अक्कलदाढ अशाच व्हिजिटिंग डॉक्टरांनी काढली. वीस मिनिटांत काम, पुढच्या कॉलवर पळाले. नावही कळलं नाही.

दंतकथा
यावर काल रात्रभर विचार केला. कोपऱ्यातलं_टेबल, तुमचं खरं आहे, आणि मला ते थोडं लागलंही, कारण माझे निम्मे विद्यार्थी आज हेच करतात. मी त्यांना तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शिकवल्या, दुभंगलेल्या टाळूच्या शिकवल्या, आणि त्यांचं पोट अक्कलदाढेवर चालतं.

पण माझा आक्षेप तुमच्या सुरातल्या 'इतकंच' या शब्दाला आहे. आडवी, हाडात पुरलेली दाढ, शेजारून खालच्या ओठाची नस जातेय, पेशंटला तंबाखूमुळे तोंड दोन बोटंही उघडत नाही. ती दाढ भीमथडींसारखी वीस मिनिटांत, नस न दुखावता काढणं ही कला आहे. विंटर यांनी त्याच एका दाढेवर जाडजूड ग्रंथ लिहिला तो उगीच नाही. पेशंट मात्र म्हणतो, "नुसती काढायला इतके पैसे?" भरलेला दात दिसतो, बसवलेली कॅप दिसते. काढलेल्या दाताच्या जागी दिसतं ते भोक. म्हणून या कामाला मान नाही. ते नाव टिकलं असतं तर कदाचित भीमथडींनी डॉक्टरांचं नाव विचारलं असतं.

भीमथडी
विचारायला हवं होतं. उद्या दवाखान्यात फोन करून विचारतो. दुखलं खरंच नव्हतं हो.

वऱ्हाडी_ठेचा
माहावाला पण असाच कोणी पाहिजे होता.

पानगळ
मराठी शब्दाचं काय ठरलं? मी सुचवते: दंतोत्पाटक.

खडीसाखर
पानगळताई, हा शब्द उच्चारतानाच दात हलतील. 'दाढकाढे' चालेल?

हिरवा_चाफा
सुश्रुताने दात काढण्याला 'उद्धरण' म्हटलंय. त्या हिशेबाने 'दंतोद्धारक'.

एसटीचा_प्रवासी
वा! दातांचा उद्धार करणारा! वऱ्हाडी भाऊंनी खुर्चीत बसून डॉक्टरचा केला तोही उद्धारच.

वऱ्हाडी_ठेचा
मनातल्या मनात केला जी, तोंडात पक्कड होती.

मधुमालती
लहान मुलांचे दात काढणारे उंदीरमामा राहिलेच. "उंदीरमामा उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." माझा पहिला दात बाबांनी शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावला होता.

बुचाचं_झाड
दंतकथा, माझ्या भावाची परवा दाढ काढायची आहे. तो धास्तावलाय. दोन शब्द सांगाल का?

दंतकथा
जेवून जा म्हणावं, उपाशी नको. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, पण मनाने बंद करायच्या नाहीत. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, सिगारेट तर अजिबात नाही. भोकात धरलेली रक्ताची गुठळी हेच औषध आहे. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तसं झालं तर घरी लवंगेचं तेल लावत बसू नका, परत या. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

रानजाई
तीन दिवस या धाग्यावरून नजर हटली नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. 'दंतोद्धारक' मला फार आवडला. मधुमालती, तुझ्या बाबांचं वाचून मी माझ्या बाबांना सांगलीला फोन केला आणि दातांची चौकशी केली. दोन दाढा हलतायत म्हणे, मला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. काल चिंच आणि मीठ लावून पाटी घासली, आई देवाची भांडी घासायची तशी. नावाखालचा शब्द लखलखीत झालाच, पण त्याच्या खाली आणखी एक बारीक ओळ निघाली, काजळीत पार बुजलेली. तिच्यात एकच शब्द पुरता वाचता येतो: गॅस.

कोपऱ्यातलं_टेबल
अंगावर काटा आला. आत्ता तिथे असायला हवं होतं.

दंतकथा
रानजाई, फोटो आजच टाका. सोमवारी मला मुलांना विंटर शिकवायचाय. तीन रेषा काढण्याआधी त्यांना ही पाटी दाखवते.